सुतार मुंगीच्या आतला जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंग्यांबद्दल वाचक जे विचारतात, त्यात एक विषय पुन्हा पुन्हा येतो: सुतार मुंगीच्या पेशींच्या आत राहणारा ब्लॉकमानिया नावाचा जिवाणू. कोणाला तो रोग वाटतो, कोणाला लाकूड पचवणारं यंत्र वाटतं, तर कोणाला अशी काही गोष्ट असते यावर विश्वासच बसत नाही. जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे पुढे गुंत्याचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुतार मुंगी म्हणजे नेमकी कोणती? मुंगळा तोच का?

कॅम्पोनोटस या प्रजातीतल्या मुंग्यांना सुतार मुंग्या म्हणतात. ही प्रजाती अवाढव्य आहे. हजाराहून अधिक जाती तिच्यात मोडतात. मराठीत ज्याला आपण मुंगळा म्हणतो, तो मोठा काळा प्राणी बहुतेक वेळा याच प्रजातीतला असतो. त्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याचं घर सहसा जमिनीत असतं, लाकडात नाही. लाकूड पोखरून राहणाऱ्या काही जातींवरून सुतार हे नाव पडलं आणि पुढे सगळ्या गोतावळ्याला चिकटलं.

२. या मुंग्या लाकूड खातात ना? मग जिवाणू लाकूड पचवायलाच असणार.

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. सुतार मुंग्या लाकूड कुरतडतात ते राहायला दालनं करण्यासाठी, आणि कुरतडलेला भुसा बाहेर आणून टाकतात. पोखरलेल्या लाकडाखाली भुशाची रास दिसते ती यामुळेच. लाकूड पचवते ती वाळवी. तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव तिला त्या कामात मदत करतात. सुतार मुंगीचं जेवण वेगळं असतं: मावा आणि खवले कीड यांच्या अंगातून निघणारा गोड चिकट द्रव, झाडांचा मधुरस, मेलेले आणि जिवंत किडे. ब्लॉकमानियाचा लाकडाशी काही संबंध नाही. तो काय करतो ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. ब्लॉकमानिया हे नाव कुठून आलं?

फ्रीडरिश ब्लॉकमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञावरून. १८८० च्या दशकात मुंग्यांची अंडाशयं आणि आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना पेशींच्या आत बारीक काड्यांसारख्या असंख्य आकृती दिसल्या. दिसायला त्या हुबेहूब जिवाणूंसारख्या होत्या. पण निरोगी प्राण्याच्या पेशीत, तेही अंड्यात, इतके जिवाणू कसे, हे त्या काळात कोणालाच सांगता येत नव्हतं. जिवाणू म्हणजे रोग, असं समीकरण तेव्हा पक्कं होत चाललं होतं. त्या वातावरणात जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवून ठेवलं, यासाठी ब्लॉकमान यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या काड्या कोणत्या कुळातल्या, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. १९९६ मध्ये जनुकांच्या तुलनेतून त्यांचं नातं लागलं आणि २००० मध्ये ब्लॉकमानिया हे नाव सुचवलं गेलं. शास्त्रीय लेखनात या नावाआधी ‘कॅन्डिडाटस’ असा शब्द लावतात. ज्या जिवाणूला यजमानाबाहेर प्रयोगशाळेत वाढवता आलेलं नाही, त्याचं नाव उमेदवारीवर आहे, असा त्याचा अर्थ.

४. हा जिवाणू मुंगीच्या शरीरात राहतो कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण मध्यांत्र, म्हणजे आतड्याचा मधला भाग. तिथे अन्न शोषणाऱ्या नेहमीच्या पेशींच्या मधे मधे काही खास पेशी असतात आणि त्या जिवाणूंनी ठासून भरलेल्या असतात. दुसरं ठिकाण राणीचं अंडाशय आणि त्यातली अंडी.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. आपल्या आतड्यातले जिवाणू आतड्याच्या पोकळीत असतात, म्हणजे पेशींच्या बाहेर. ब्लॉकमानिया पेशीच्या आत राहतो. शिवाय पेशीत शिरलेल्या परक्या जिवाणूभोवती यजमान पेशी बऱ्याचदा पडद्याची पिशवी करते, तीही इथे नसते. तो थेट पेशीद्रवात मोकळा असतो. यापेक्षा जवळ राहणं शक्यच नाही.

५. तो मुंगीसाठी नेमकं करतो काय?

थोडक्यात सांगायचं तर तो प्रथिनांच्या विटा बनवतो. प्रथिनं अमिनो आम्लांची असतात. त्यांतली साधारण दहा कीटकांना स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्लं म्हणतात. २००३ मध्ये फ्लोरिडातल्या कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनस या मुंगीतल्या ब्लॉकमानियाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात या दहांपैकी आर्जिनीन सोडून बाकी सगळी बनवण्याची यंत्रणा शाबूत सापडली. बाकी कितीतरी गोष्टी त्या जिवाणूने गमावल्या आहेत (प्रश्न ११), पण मुंगीला जे लागतं ते बनवायची कृती मात्र सांभाळून ठेवली आहे. इतर कुठलाही पुरावा नसता, तरी केवळ या यादीवरून दोघांचं नातं काय आहे ते ओळखता आलं असतं.

प्रत्यक्ष पुरावा २००७ मध्ये मिळाला. संशोधकांनी कामकरी मुंग्यांचे गट केले. काही गटांना प्रतिजैविक देऊन त्यांच्यातले जिवाणू काढून टाकले आणि सगळ्यांना प्रयोगशाळेत मोजून मापून तयार केलेलं अन्न दिलं. ज्या गटांच्या अन्नात आवश्यक अमिनो आम्लं नव्हती, तिथे फरक उघड दिसला. जिवाणू असलेल्या मुंग्यांनी पिल्लं नीट वाढवली, नसलेल्यांच्या हाताखाली फार कमी पिल्लं कोषापर्यंत पोचली. मात्र तीच अमिनो आम्लं अन्नातून दिली, की जिवाणू नसलेल्या मुंग्याही पिल्लं वाढवू लागल्या. म्हणजे नेमकी तीच उणीव जिवाणू भरून काढत होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. या प्रयोगात कसोटी लागली ती अळ्यांना भरवणाऱ्या दायांची. दाईच्या आतड्यातला जिवाणू अमिनो आम्लं बनवतो, ती दाईच्या रक्तात जातात आणि तिने भरवलेल्या घासातून अळीपर्यंत पोचतात. एका मुंगीच्या पेशीतला जिवाणू अशा रीतीने सगळ्या वारुळाला पोसतो.

६. पण मुंगी तर काहीही खाते. मग तिला कमी कशाची पडते?

प्रश्न अगदी रास्त आहे. संशोधकांनाही तो बरीच वर्षं छळत होता. मावा फक्त झाडाचा रस पितो, त्यात प्रथिनं नगण्य. त्यामुळे त्याला जिवाणूची गरज आहे हे सहज पटतं. सुतार मुंगी किडेही खाते, मग तिला काय गरज?

तिच्या जेवणात मोठा वाटा गोड द्रवांचा असतो. त्यात साखर भरपूर, पण अमिनो आम्लांना लागणारा नायट्रोजन थोडा, आणि असतो तो बहुतेक अनावश्यक, म्हणजे मुंगीला स्वतःच बनवता येणाऱ्या अमिनो आम्लांच्या रूपात. किडे दररोज मिळतातच असं नाही. उंच झाडांवर राहणाऱ्या, रस गोळा करून जगणाऱ्या मुंग्यांना तर प्रथिनांची टंचाई सतत जाणवते. ज्याचं घर साखरेवर चालतं, त्याला प्रथिनाचा कण न् कण मोलाचा. जिवाणू या हलक्या अन्नाचं कसदार अन्न करून देतो. एरवी ज्या जागी भागलं नसतं, तिथेही मग ती मुंगी टिकते.

दुसरा प्रसंग नव्या राणीचा. मिलनाच्या उड्डाणानंतर ती एकटी कोंडून घेते आणि अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवते. बाहेर जाऊन अन्न आणायची सोय नसते. अशा वेळी शरीरातला नायट्रोजन वाया न घालवता पुन्हा कामाला लावणारा सोबती किती मोलाचा, ते वेगळं सांगायला नको. कॅम्पोनोटस फेलाह या जातीच्या नव्या वसाहतींत जिवाणूंचं प्रमाण आणि वसाहतीची वाढ यांचा संबंध आढळला आहे.

७. तो मुंगीच्या टाकाऊ पदार्थापासून अन्न बनवतो, असं वाचलं. खरं का?

खरं आहे. ब्लॉकमानियाकडे युरिएज नावाचं विकर आहे. युरिया हा नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ. युरिएज त्याचं विघटन करून अमोनिया मोकळा करतं आणि त्या अमोनियातला नायट्रोजन पुन्हा अमिनो आम्लांत बांधला जातो. हे नुसतं जनुकांवरून काढलेलं अनुमान नाही. नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची (म्हणजे किंचित जड, म्हणून ओळखता येणाऱ्या नायट्रोजन अणूंची) खूण असलेला युरिया मुंग्यांना खायला दिला, तेव्हा ती खूण नंतर त्यांच्या रक्तातल्या अमिनो आम्लांत सापडली. आवश्यक अमिनो आम्लांतही. ती मुंगीला स्वतः बनवताच येत नाहीत, म्हणजे ती जिवाणूनेच बनवली. या बाबतीत एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

८. पिल्लांना हा जिवाणू कसा मिळतो? मुंग्या एकमेकींना भरवतात तेव्हा?

भरवण्यातून पोषण जातं, जिवाणू जात नाही. ब्लॉकमानिया आईकडून अंड्यातून येतो. अंडं राणीच्या अंडाशयात तयार होत असतानाच त्यात जिवाणू शिरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पिल्लू जन्मतःच ते घेऊन येतं. नराकडून ते पुढे जात नाहीत.

याचा एक सुंदर परिणाम दिसतो. जिवाणूचा वंश आणि मुंगीचा वंश एकाच वाटेने चालत आले आहेत. मुंग्यांच्या जातींचा वंशवृक्ष काढा आणि शेजारी त्यांच्या जिवाणूंचा काढा. दोन्हींच्या फांद्या जवळपास सारख्याच फुटलेल्या दिसतात. मुंगीची एक जात दुभंगून दोन झाल्या, की आतल्या जिवाणूचेही दोन वंश झाले.

९. मुंगी कोषात असताना आतडं मोडून नवं बनतं. तेव्हा जिवाणूंचं काय होतं?

या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. कोषावस्थेत कीटकाचं शरीर जवळपास नव्याने घडतं. अळीचं मध्यांत्र टाकून दिलं जातं, नवं तयार होतं. जिवाणू जुन्या आतड्यात अडकून राहिले तर तेही टाकले जातील, अशी भीती वाटणं साहजिक आहे. घडतं ते नेमकं उलट.

फ्लोरिडॅनस मुंगीत हे टप्प्याटप्प्याने पाहिलं गेलं आहे. अगदी लहान अळीत जिवाणूंनी भरलेल्या पेशी मध्यांत्राच्या बाहेरच्या अंगाला असतात. पुढे रूपांतर सुरू झालं की जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते. एक वेळ अशी येते, की कोषातल्या मुंगीचं अख्खं मध्यांत्र जिवाणूधारी पेशींचंच झालेलं असतं. या काळात ती काही खात नाही. तिला नवं कवच आणि नवे स्नायू घडवायचे असतात आणि त्यासाठी बाहेरून काहीच मिळत नाही. नेमक्या याच वेळी अमिनो आम्लांचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो. प्रौढ झाल्यावर त्या पेशींचं प्रमाण पुन्हा कमी होतं आणि म्हाताऱ्या कामकरी मुंग्यांत तर जिवाणू ओसरतात. तोवर त्यांचं मुख्य काम झालेलं असतं.

१०. प्रतिजैविक देऊन जिवाणू मारले तर मुंगी मरते का?

प्रौढ कामकरी मुंगी लगेच मरत नाही. चांगलं अन्न मिळालं तर ती बऱ्यापैकी जगते. फटका बसतो तो पुढच्या पिढीला: पिल्लं कमी वाढतात, वसाहत खुंटते. जिवाणू सगळ्यांत जास्त लागतो तो वाढीच्या वयात, आणि प्रौढ मुंगी त्या वयातून गेलेली असते. म्हणून ‘जिवाणूशिवाय मुंगी जगते’ हे विधान एका मुंगीपुरतं खरं असलं, तरी मुंगीच्या वंशाला लागू होत नाही.

११. या जिवाणूचा जनुकसंच फार छोटा आहे म्हणतात. किती छोटा, आणि का?

फ्लोरिडॅनसमधल्या ब्लॉकमानियाचा जनुकसंच डीएनएच्या ७,०५,५५७ अक्षरांचा आहे. प्रथिनांची जनुकं ५८३. त्याच्या दूरच्या नात्यातल्या ई. कोलाय या जिवाणूची अक्षरं सुमारे ४६ लाख आणि जनुकं चार हजारांहून अधिक. पेनसिल्व्हॅनिकस या दुसऱ्या सुतार मुंगीतल्या ब्लॉकमानियाचा संच २००५ मध्ये वाचला गेला. तो थोडा मोठा निघाला, सुमारे ७ लाख ९२ हजार अक्षरांचा.

छोटा होण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे पेशीच्या आत सगळं आयतं मिळतं. वातावरण स्थिर, शत्रू नाही, अन्न शोधायला जायचं नाही. त्यामुळे बाहेरच्या जगात लागणारी जनुकं निरुपयोगी होतात आणि हळूहळू गळून जातात.

दुसरं कारण जास्त कठोर आहे. राणीकडून प्रत्येक अंड्यात जाणारे जिवाणू एकूण संख्येच्या मानाने थोडेच असतात. इतक्या लहान गटात निवडीची चाळणी ढिली पडते आणि किंचित घातक बदलही नशिबाने टिकून जातात. बाहेरच्या जिवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण बंद, म्हणून हरवलेलं जनुक परत मिळायची वाटही बंद. चूक साचत जाते, मागे फिरता येत नाही. डीएनएची अक्षरं चार, पण या जनुकसंचातली जवळपास तीन चतुर्थांश अक्षरं फक्त ए आणि टी ही दोनच आहेत, तीही याच दीर्घ झिजेची खूण.

एवढी झीज होऊनही जनुकांचा क्रम मात्र जागचा हललेला नाही. वर सांगितलेल्या दोन मुंग्यांचे वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी त्यांच्या जिवाणूंत जी जनुकं समान आहेत ती त्याच क्रमाने, त्याच दिशेने मांडलेली आहेत. जनुकांची उलथापालथ करायला लागणारी साधनंही या जिवाणूने केव्हाच गमावली आहेत.

१२. विभाजनाची सुरुवात करणारं जनुकही त्याच्याकडे नाही, हे कसं शक्य आहे?

बहुतेक जिवाणूंत डीएनएची प्रत काढायची सुरुवात डीएनए-ए नावाच्या प्रथिनामुळे होते. ब्लॉकमानियाकडे त्याचं जनुक नाही. त्सेत्से माशीच्या आत राहणाऱ्या विगल्सवर्थिया या जिवाणूकडेही नाही. म्हणजे प्रत काढायला तो दुसरी वाट वापरतो. जिवाणूने वाढावं कधी आणि थांबावं कधी यावर मुंगीचा ताबा यातूनच येत असावा, असं एक मत आहे. मुंगीच्या वाढीच्या टप्प्यांनुसार जिवाणूंची संख्या चढते-उतरते (प्रश्न ९), त्याच्याशी ते जुळतं.

१३. माणसाला किंवा पाळीव जनावरांना याचा संसर्ग होऊ शकतो का?

नाही. मुंगीच्या पेशीबाहेर तो वाढतच नाही. मुंगळा चावला तर दुखतं ते जबड्यामुळे आणि जखमेवर सोडलेल्या फॉर्मिक आम्लामुळे.

१४. हे नातं केव्हा आणि कसं जुळलं?

कॅम्पोनोटस आणि तिच्या जवळच्या प्रजाती, जसं की पॉलिरॅकिस आणि कोलोबॉप्सिस, मिळून कॅम्पोनोटिनी हा गट होतो. या सगळ्यांत ब्लॉकमानिया आढळतो. म्हणजे त्यांच्या समान पूर्वजातच तो आला असणार. हा काळ साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीचा धरतात.

आला कुठून, याचा माग जनुकांनी दिला आहे. ब्लॉकमानियाचे जवळचे नातलग पिठ्या ढेकणासारख्या रसशोषक किडींच्या शरीरात राहतात. मुंग्या अशा किडींची राखण करतात, त्यांचा गोड द्रव पितात, प्रसंगी त्यांना खातातही. या शेजारातूनच कधीतरी एका किडीचा जिवाणू मुंगीत शिरला आणि टिकला, असं २००९ मध्ये मांडलं गेलं आणि ते पटण्याजोगं आहे. गोड द्रव देणाऱ्या किडीनेच तो द्रव पुरेसा करून घ्यायचं साधनही दिलं.

१५. जिवाणूमुळे मुंगीच्या गर्भाची घडणही बदलली आहे का?

हो, आणि फार मुळातून. २०२० मध्ये फ्लोरिडॅनसच्या अंड्यांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. कीटकाच्या अंड्यात जननद्रव्य नावाचा एक कोपरा असतो, पुढची पिढी देणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. या मुंगीच्या अंड्यात त्या कोपऱ्यातले रेणू आणखी तीन नव्या जागी सापडले. शिवाय हॉक्स गटातली दोन जनुकंही तिथे कामाला लागलेली होती. एरवी ती बऱ्याच नंतर छाती-पोटाचे खंड वेगळे करायचं काम करतात. या चारही जागांना वेगवेगळं काम लावून देण्यात जिवाणूचा सहभाग आहे. कुठल्या पेशींत त्याने राहायचं आणि पुढच्या पिढीत कसं जायचं, याचा नकाशा अंड्यातच आखला जातो.

हॉक्स जनुकं ही प्राणिसृष्टीतली सर्वांत जपून ठेवलेली जनुकं. ती एका जिवाणूसाठी नव्या कामाला जुंपली गेली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला.

१६. सगळ्या मुंग्यांत असा जिवाणू असतो का?

नाही. बहुसंख्य मुंग्यांत पेशींच्या आत राहून पोसणारा असा सोबती नसतो. पण सुतार मुंगी एकटीही नाही. फॉर्मिका प्रजातीच्या काही मुंग्यांत असे जिवाणू आहेत. ब्लॉकमान यांनी त्यांच्यातही काड्या पाहिल्या होत्या. मात्र ते ब्लॉकमानिया नव्हेत, त्यांचं मूळ वेगळं. कार्डिओकॉन्डिला ऑब्स्क्युरिअर या चिमुकल्या मुंगीत वेस्टेबरहार्डिया नावाचा जिवाणू असतो. त्याचा जनुकसंच तर आणखी छोटा, साडेपाच लाख अक्षरांच्याही आत. कवच कडक व्हायला लागणाऱ्या टायरोसिनचा कच्चा माल तो पुरवतो. एकाच अडचणीवर वेगवेगळ्या मुंग्यांनी स्वतंत्रपणे सारखाच तोडगा काढला आहे.

सुतार मुंगीत वोल्बाकिया नावाचा दुसरा जिवाणूही कधी कधी सापडतो. तो असंख्य कीटकांत आढळतो आणि त्याचा या पोषणाशी संबंध जोडू नये.

१७. मुंगी स्वतःचं आम्ल गिळते आणि तिच्या शरीरात रोगप्रतिकारही असतो. मग ब्लॉकमानिया वाचतो कसा?

दोन वेगळे प्रश्न आहेत.

आम्लाचं असं: सुतार मुंग्या खाल्ल्यावर पोटाचं टोक चाटून विषग्रंथीतलं आम्ल गिळतात, हे २०२० मध्ये दाखवून दिलं गेलं. त्यामुळे अन्नाच्या पिशवीतले रोगजंतू मरतात आणि आम्ल सोसणारे थोडे जिवाणू तेवढे उरतात. ब्लॉकमानियाला याची झळ बसत नाही, कारण तो त्या पोकळीत नसतोच (प्रश्न ४).

प्रतिकाराचं प्रकरण जास्त नाजूक. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे दिसले की कीटकाचं शरीर हल्ला चढवतं. फ्लोरिडॅनसच्या मध्यांत्रात, विशेषतः कोषावस्थेत, हे तुकडे मोडून टाकणारी प्रथिनं जास्त प्रमाणात बनतात. धोक्याची घंटा वाजण्याआधीच तिचा आवाज दाबला जातो. बाकी शरीराचा प्रतिकार तसाच जागा राहतो.

१८. ब्लॉकमानियाच्या सगळ्या जाती तीच कामं करतात का?

नाही, आणि सर्वांत चकित करणारा अपवाद कॅम्पोनोटस वेफर या मुंगीतला आहे. तिच्या ब्लॉकमानियाचा जनुकसंच २०१० मध्ये वाचला गेला. त्याच्याकडे युरिएज आहे, म्हणजे युरियातून अमोनिया तो मोकळा करतो. पण तो अमोनिया पकडून ग्लुटामिनमध्ये बांधणारं जनुक त्याने गमावलं आहे. प्रश्न ७ मधल्या साखळीची मधली कडीच तुटली. कीटकांना स्वतःही ग्लुटामिन बनवता येतं, त्यामुळे तेवढं काम मुंगीने उचललं असण्याची शक्यता आहे. ‘ब्लॉकमानिया अमुक करतो’ असं सरसकट लिहिताना म्हणूनच हात आखडता घ्यावा. प्रत्येक मुंगीच्या घरचा हिशोब थोडा वेगळा आहे.

१९. उन्हाळ्यात जास्त तापमानाने हे जिवाणू मरतात का?

थोडा वेळ ऊन लागल्याने नाही. पण सतत उष्णता राहिली तर हो. एका प्रयोगात सुतार मुंग्यांना चार आठवडे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, तेव्हा ब्लॉकमानियाचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटलं. झिजलेल्या जनुकसंचामुळे त्याची प्रथिनं मुळात डळमळीत असतात, ती उष्णतेत लवकर बिघडतात. मुंगी तापमान सोसते, तिचा सोबती सोसत नाही. हवामान बदलाच्या चर्चेत कीटकाची सहनशक्ती मोजतात, आतल्या जिवाणूची क्वचितच. ही उणीव मला गंभीर वाटते.

२०. मग प्रतिजैविकं फवारून सुतार मुंग्या घालवता येतील?

कृपया करू नका. प्रौढ मुंग्या त्याने मरणार नाहीत (प्रश्न १०). उलट मातीत आणि पाण्यात प्रतिजैविकं सोडल्याने औषधांना न जुमानणारे रोगजंतू वाढतात. लाकडात मुंग्या झाल्या असतील तर ओल कुठून येते ते शोधा. ओलसर, कुजलेलं लाकूड त्यांना पोखरायला सोपं जातं.

२१. मग सुतार मुंगी हा एक जीव म्हणायचा की दोन?

शास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही. माझं मत सांगतो. ‘सहजीवन’ हा शब्द ऐकला की दोन मित्र एकमेकांना मदत करताहेत असं चित्र उभं राहतं. इथे तसं नाही. जिवाणू बाहेर जगू शकत नाही, त्याचा जनुकसंच झिजतोय आणि सुटकेचा मार्ग नाही. मुंगीनेही आपल्या गर्भाची घडण त्याच्याभोवती बांधून घेतली आहे. दोघांनीही आपलं स्वातंत्र्य देऊन टाकलं आहे. मी त्याला मुंगीचा अवयव म्हणेन, फक्त या अवयवाला स्वतःचा वेगळा वंश आहे.

पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकॉन्ड्रिया हाही मुळात पेशीत शिरलेला जिवाणूच, म्हणून त्याच्याशी तुलना नेहमी केली जाते. ती दिशा दाखवते, पण पूर्ण लागू होत नाही. मायटोकॉन्ड्रियाची बहुतेक जनुकं पेशीच्या केंद्रकात गेली आहेत आणि तो जवळपास प्रत्येक पेशीत असतो. ब्लॉकमानियाची स्वतःची शेकडो जनुकं अजून त्याच्याचकडे आहेत आणि तो ठरावीक पेशींतच राहतो.

२२. सूक्ष्मदर्शक आहे. मला हे जिवाणू पाहता येतील का?

येतील. ब्लॉकमान यांनी १४० वर्षांपूर्वी पाहिले, तेव्हा आजच्या महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हरकत नाही. नुकतीच कोषातून बाहेर आलेली, फिक्या रंगाची कामकरी मुंगी निवडा. म्हाताऱ्या मुंगीत जिवाणू फार कमी असतात, आणि पहिल्या प्रयत्नात निराशा होते ती बहुधा यामुळेच. थंडीत ठेवून मुंगी मारावी, मिठाच्या सौम्य पाण्यात पोट उघडावं, मध्यांत्र अलगद वेगळं करून काचपट्टीवर ठेवून झाकणकाचेने हलकेच दाबावं. पेशी फुटल्या की सर्वांत मोठ्या भिंगाखाली काड्यांचे थवे बाहेर पडताना दिसतात. रंगद्रव्य लावलं तर आणखी स्पष्ट.

ते ब्लॉकमानियाच आहेत हे मात्र नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी त्याच्या आरएनएला नेमकं चिकटणारं चमकतं रसायन लागतं आणि त्याकरता प्रयोगशाळाच हवी. राणी मिळालीच, तर तिला मारू नका. तिच्या अंडाशयात काय आहे ते आधीच नोंदलेलं आहे, आणि बाहेर तिचं वारूळ तिच्यावर अवलंबून असतं.